परतीचं भाडं

इराप्पा हुक्केरीनं मला नफा दाखवला नाही.
रिकामा ट्रक दाखवला,
होनग्याच्या फाट्यावर, फाळका उघडा टाकलेला,
तळाशी मूठभर मका आणि एक तुटकी चप्पल.
'जाताना भरून जातंय, बाई. येताना हे असं येतंय की.
पैसा इथंच सांडतोय बघा.'

पतसंस्थेत एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवले.
अकरा लाख चाळीस हजार हाती आले तेव्हा
भाऊ म्हणाला सोनं, जाऊ म्हणाली टिळकवाडीत फ्लॅट,
आणि मी घेतला काकतीच्या माळावर
पत्र्याच्या गोडाऊनात तिसरा हिस्सा.
ऐंशी बाय चाळीस. एक वजनकाटा, दोन ट्रक,
उंदरांसाठी एक मांजर, तिचं भांडवल वेगळं.
बोर्डावर कन्नड मोठं, मराठी हाताएवढं;
रंगाऱ्यानं पट्टी लावून मापलं,
मग म्हणाला, चहा सांगा.

माल काय, येतो आणि जातो.
हुबळीचा साबण, कोल्हापूरची बिस्किटं,
संकेश्वरी मिरची आली की दिवसभर
आम्ही तिघं भागीदार शिंकत हिशेब करतो.
पण मला विचाराल तर सगळा धंदा
कणकुंबीच्या एका खिडकीसाठी आहे.
दुकान म्हणजे ती खिडकीच.
कंपनीचा माणूस म्हणतो, तिथं मार्केट नाही.
तिथं द्रौपदा गावकर आहे,
तिला बारा साबण लागतात, सहा पुडे मीठ,
पेन्सिली डझनभर, जून असेल तर दोन डझन,
आणि गाडी मंगळवारी आली नाही
तर ती बुधवारी फोन करून काही बोलत नाही,
नुसती धरून राहते.

हा आमचा टापू म्हणजे बारीकसा देशच.
राजधानी नाही, नोटा नाहीत,
एका अंगाला घाट उतरून गोवा,
एका अंगाला टोलनाका, पलीकडे पाहुणे.
लग्नं तिकडची, दवाखाने इकडचे,
ई-वे बिलाला फक्त पिनकोड कळतो.

त्या डिसेंबरात कुणीतरी
कुणाच्या तरी नंबरप्लेटला काळं फासलं.
कोगनोळीला रांग लागली, तीन दिवस.
आमचा दस्तगीर सनदी मधोमध अडकला,
गाडीत कोबी, कोल्हापूरच्या बाजारासाठी.
कोबी वाट बघत नाही.
दुसऱ्या रात्री त्यानं स्टोव्ह काढला,
संकेश्वरी मिरची, कुणाचं तरी तेल, कुणाचं पातेलं,
पुढच्या गाडीचा क्लीनर, मागच्या गाडीचा सरदारजी,
अलीकडचे पोलीस, पलीकडचे पोलीस,
सगळे जेवले म्हणे.
फोनवर मला एवढंच म्हणाला,
'नऊ पोती कमी आहेत, बाई. माझ्या पगारातून कापा.'

कापायचं कसं?
मी रोजकीर्द उघडून बसले.
तूट लिहावी तर माल हरवला नव्हता.
धर्मादाय लिहावं तर तो चिडला असता.
खर्च म्हणावं तर व्हाउचर कुठंय?
इराप्पा पान बघून म्हणाला, 'नोडोणरी,'
आणि मांजराला दूध घालायला गेला.

महिन्यानं गडहिंग्लजहून कुणी राऊत आला,
त्या रांगेतला, तिसऱ्या की चौथ्या गाडीचा.
त्याच्याकडे काजूची पोती होती, दर आठवड्याला,
बेळगावला आणायला माणूस हवा होता.
भावात त्यानं घासाघीस केलीच, चांगली तासभर.
कोबीचा विषय दोघांनीही काढला नाही.

आता दस्तगीर गुरुवारी भरून परततो.
हिस्सा वाढला, थोडा. व्याजापेक्षा बरा,
सोन्यापेक्षा नाही, भाऊ आठवण करून देतो.

नऊ पोती मात्र अजून उचंत खात्यात आहेत.
दर मार्चला ऑडिटर पेन्सिलीनं गोल करतो,
'हे काय, अस्तेकर बाई?'
मी सांगते, मिटवते हां, पुढच्या वर्षी.
आणि नवीन वहीत
पहिल्या पानावर पुन्हा ओढून घेते.