मधोमध थांबलेला डबा

चियातुरात वीज गेली, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी.
तंत्रशाळेच्या तिसऱ्या मजल्यावर
एतेरीबाई खडू ठेवून खिडकीशी गेल्या.
दरीच्या मधोमध, नदीपासून नव्वद मीटर वर,
दोरावरचा गंजका डबा थांबला होता.
"स्थितिशास्त्र. पहिला तास," त्या म्हणाल्या.
"उदाहरण बाहेर आहे."

आम्ही अकरा जण. कुणीतरी हसलं.

"आधी डबा जगातून सोडवून घ्या.
दरी पुसा. खाण पुसा. दोर कापा,
कागदावर, मालखाझ, कागदावर!
आणि जिथं जिथं कुणी धरलं होतं
तिथं बाण काढा.
हात गेला तरी ओढ राहते,
ती वहीत दिसली पाहिजे."

गोचानं चौकोन काढला, खाली एक बाण, चारशे ऐंशी किलो.
"आत कुणी नाही?"
"असेल, बाई."
"असेल काय, आहे. नाझिब्रोला. तिकिटं फाडते.
एकाहत्तर किलो. माझी आई."

मग कुणी हसलं नाही.
बेसोनं बापाची शिकारीची दुर्बीण दप्तरातून काढली,
ती शाळेत का आणली हे कुणी विचारलं नाही.
एक खाणकामगार, चौऱ्याऐंशी धरू.
एक पोरगं, पस्तीस.
मक्याच्या पिठाचं पोतं, तीस.
सातशे.

दोराचं स्वतःचं वजन आज सोडून देऊ, म्हणाल्या,
ज्यांनी आजवर पाव गुणही सोडला नव्हता.
दोन्ही बाजूंना उतार आठ अंश.
जीव टांगणीला, हातात साइनचा तक्ता.
ताण आला अडीच हजार किलो आणि वर थोडा.
दोर तुटायला बारा हजार लागतात.
"नवा असताना," मालखाझ पुटपुटला.
बाईंनी ऐकलं. बोलल्या नाहीत.

"आता उतार एक अंश घ्या."
वीस हजार.
"शून्य घ्या."
गोचा भागत राहिला, शून्यानं,
पेन्सिल कागदातून आरपार जाईस्तोवर.
तुटेपर्यंत ताणू नये, हे घरोघरी सांगतात;
कुठपर्यंत, ते त्या दिवशी आकड्यात दिसलं.
"जरासुद्धा न झुकता कुणाला पेलायचं म्हटलं
तर जगातला कुठलाच दोर पुरत नाही,"
बाई म्हणाल्या, आणि चष्मा पुसत बसल्या,
पुसून झाल्यावरही.

विजेची घंटा वाजली नाही. आम्हीही उठलो नाही.
नाझिब्रोला विणतेय, बेसो म्हणाला, लाल लोकर.
वर खेचणारं, खाली खेचणारं,
सगळं मिळून शून्य,
आणि त्या शून्यात दोन सुया चालू.

बाराच्या सुमारास दिवे आले.
डबा हिसका खाऊन हलला.
बाईंनी लगेच फळा पुसला.
"हललं. म्हणजे आपल्या विषयातून गेलं.
ते पुढच्या सत्रात."
आणि जिना
दोन-दोन पायऱ्या सोडत
उतरल्या.