शिवणीतली माया

ओहोटी लागली की आरिआकेच्या खाडीत
समुद्र कोसभर मागे जातो
आणि उरतो नुसता चिखल,
करड्या दह्यासारखा.
नवखा माणूस मांडीपर्यंत रुततो.

शिगेनो रुतत नाही.
डावा गुडघा फळीवर, उजव्या पायाचा रेटा,
फळी सरकत जाते
जिथे मुत्सुगोरो उन्हात बसलेले असतात:
मासेच, पण पाण्याबाहेर आलेले,
डोक्यावर डोळ्यांचे दोन मणी.

ते डोळे मिचकावतात.
आपल्यासारखी पापणी नाही त्यांना.
डोळाच आत ओढला जातो,
कातडीच्या ओल्या वाटीत बुडी मारतो,
वर येतो.
समुद्र सोडताना जणू प्रत्येकाने
डोळा भिजेल एवढा समुद्र
कनवटीला लावून आणला.

"तो मिचकावतो ना, तेव्हाच गळ फेकायचा,"
तोकुइचि सांगायचा.
एकेचाळीस वर्षं तिने प्रयत्न केला.
मिचकावला हे दिसेपर्यंत
मिचकावून झालेलं असतं.
तोकुइचिला तरी जमायचं का, कोण जाणे;
पण त्याची टोपली भरलेली असायची.

त्याची फळी आता भिंतीला आडवी टेकवलेली.
तिच्यावर मुळे वाळत असतात.

*

उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने
शिगेनोच्या डोळ्यात मांस वाढलं.
काशिमाच्या दवाखान्यात डॉक्टर नागाफुचींनी
पडद्यावर तिचाच डोळा दाखवला,
टरबुजाएवढा.
"हे वाढलेलं काढू. आणि ही नाकाजवळची गुलाबी घडी दिसते?
ही तिसऱ्या पापणीची खूण.
घारीला असते, कोंबडीला असते,
आडवी सरकते पडद्यासारखी.
आपली कोपऱ्यातच राहिली."

"मग तीही काढा," शिगेनो म्हणाली.
"एकाच पैशात."

डॉक्टर हसल्या. "काढली तर
बाजूला बघता येणार नाही नीट.
बुबुळ कानाकडे वळतं तेव्हा
थोडं जास्तीचं कापड लागतं.
ते इथून मिळतं."

कापड म्हटल्यावर शिगेनो एकदम गप्प झाली.
तिची आई किमोनो शिवायची.
पोरींच्या किमोनोला खांद्यावर चुण्या घालून ठेवायची,
दरवर्षी एकेक उसवायची.
शिगेनोची शेवटची चुणी
उसवायची राहूनच गेली;
त्या वर्षी आई गेली.

माझ्या भाषेत शिवणीत दडवलेल्या अशा कापडाला
माया म्हणतात.
तिच्या भाषेत काय म्हणतात, मी विचारलं नाही.
तिने नुसता खांद्याला हात लावला,
जिथे आता काहीच नव्हतं,
सुती सदऱ्याशिवाय.

*

तोकुइचि गेला तेव्हा
त्याचे डोळे पुरते मिटले नव्हते.
फटीतून पांढरं दिसत होतं.
म्हणजे शेवटची पापणी
दुसऱ्या कुणाच्या तरी बोटांची असते.
शिगेनोने दोन बोटं ठेवली.
नखात चिखल होता तिच्या,
धुवायला वेळ मिळाला नव्हता.
तो चिडला असता? नाही,
तो म्हणाला असता, भरती कधी आहे?

*

परतीच्या बसमध्ये तिला उजवीकडची जागा मिळाली.
खाडी डावीकडे.
मान वळत नाही हल्ली, सांधा धरलाय.
एका डोळ्यावर पट्टी.
दुसरा ती सावकाश कडेला नेते,
शेजारच्या रिकाम्या जागेवरून,
काचेवरच्या डागावरून,
दूर, जिथे ओहोटी लागली आहे
आणि चिखलावर काहीतरी उड्या मारतंय,
इतक्या लांबून दिसणं शक्य नाही, तरी.

कोपऱ्यात कुठेतरी
एक घडी सैल होते.
तिला ते जाणवत नाही.
ती फक्त बघते,
आणि मग, बस वळणावर आली तेव्हा
मिचकावते.