आठातले किती

नवतपाचा चौथा दिवस.
सोनेगावच्या धावपट्टीवर हवा हलते आहे
उकळीच्या अलीकडच्या पाण्यासारखी,
आणि मी दक्षिण महासागर बघत बसले आहे,
संगणकातला,
जो खऱ्यापेक्षा दोन अंशांनी गरम आहे.

इथून समुद्र कुठल्याही बाजूला
रात्रभराच्या गाडीवर.
आमच्या घरात पाण्याचं तापमान म्हणजे
गच्चीवरची टाकी.

महिनाभर मी प्रवाहांना धारेवर धरलं,
मग वाऱ्यांना, मग मिठाला.
अंटार्क्टिकाभोवतीचं लाल कडं
हललं नाही.

"पाणी पोळून राहिलं बाप्पा," आई म्हणाली.
"टाकी काळी घेतली ना तुझ्या बाबांनी, म्हणून."
पंधरा वर्षं हेच कारण.
त्या दिवशी मी शिडी लावून वर चढले.
टाकीवर ताणलेल्या हिरव्या जाळीला
परातीएवढं भोक होतं,
आणि अकरापासून चारपर्यंतचं ऊन
त्यातून थेट झाकणावर.
टाकीचा काही गुन्हा नव्हता.

दुसऱ्या दिवशी ढग उघडून बघितले.
माझ्या ढगांतलं पाणी फार आज्ञाधारक.
शून्याखाली जरा उतरलं की बर्फ.
बर्फ जड होऊन गळून जायचं,
ढग विरायचा,
उरलेलं ऊन समुद्र पिऊन टाकायचा.

खरे ढग असं ऐकत नाहीत.
उणे पंधरालाही थेंब थेंबच राहतो, अडून,
कारण गोठायलाही टेकायला काही लागतं,
धुळीचा एखादा कण,
आणि तिथे, त्या निर्मळ हवेत, धूळ नाही.
(आमच्या वर्धा रोडवरची पाठवली असती.)

थोड्याच ओळी बदलल्या.
अकरा दिवस यंत्र चाललं, त्यात तीनदा लाइट गेली.
ढग दाटले.
कडं फिकटलं, पिवळं पडलं, जवळजवळ गेलं.
मी खाली जाऊन तर्री पोहे खाल्ले
आणि कुणालाच काही सांगितलं नाही.

मग शतकाच्या शेवटाचा आलेख आला.
आजचा समुद्र थंड झाला होता,
तेव्हाची पृथ्वी आणखी एका अंशाने तापली होती.

दोनदा तपासलं.
ते खोटं बर्फ म्हणजे पुढच्यासाठी बाजूला ठेवलेली सावली होती:
जग तापेल, बर्फाचं पाणी होईल,
ढग टिकतील, ऊन थोडं परतवतील.
पण ते पाणी आधीपासून पाणीच होतं.
डब्याच्या तळाशी आहेत समजून
आपण ज्या नोटांचा हिशेब धरला होता
त्या कधीच मोडल्या गेल्या होत्या.

शेषराव नाकतोडे निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली,
तरी संध्याकाळी वेधशाळेच्या हिरवळीवर येतात.
हिरवळ म्हणजे, नावाला.
एकतीस वर्षं त्यांनी आभाळाचे आठ भाग केले
आणि झाकलेले मोजले, दर तीन तासांनी.
त्यांना आलेख दाखवला.
बराच वेळ बघून म्हणाले,
"म्हणजे चूक होती तेव्हा बरं होतं काय?"
मी म्हटलं, "तसं नाही."
"मग कसं?"

रात्र झाली होती. चंद्र नव्हता.
"दिव्याकडं बघू नको," ते म्हणाले,
"दहा मिनिटं उभी राह्य.
तारा दिसत नाही तिथं ढग."
उभी राहिले.
उपलवाडीकडून कुठेतरी भट्टीचा वास.
"किती?"
"आठातले दोन."
"पश्चिमेकडं पाह्य. तारे मळकट होऊन राहिले."

मी वहीत दोन लिहिलं होतं.
खोडरबराकडे हात गेला, तो त्यांनी धरला.
"एक रेघ मार फक्त," म्हणाले,
"जुना आकडा वाचता आला पाहिजे."

दोनवर रेघ मारली. बाजूला तीन लिहिलं.
मग वर पाहिलं,
आणि मला तीनचीही खात्री वाटेना.