पातळ थर

रवळूदादाच्या बोटांना आता दोरा कळत नाही.
डोळ्यांनी बघून मारतो गाठ,
आणि डोळे तरी कुठले, डावा गेल्या शिमग्यात
पंधरा दिवस धुक्यात होता.

सर्जेकोटच्या बंदरावर, उपड्या होडीच्या सावलीत
मी त्याला सांगते आहे माझं काम.
मज्जातंतूवर चरबीचा एक थर असतो, दादा,
तो सोलला गेला की निरोप वाटेत सांडतात.
म्हणून आम्ही एक मासा पाळतो, नखाएवढा,
पिल्लू असताना काचेसारखा आरपार.
त्याचा थर औषधाने उडवतो
आणि भिंगाखाली बसतो रात्र रात्र,
तो पुन्हा कसा चढतो ते बघत.

"कापल्याबगर आतला दिसता?"
दिसतं.
"खाऊक बरो लागता?"
नखाएवढा, म्हटलं ना.
"मगे सोड तेका."

मी हसते. मग उरलेलं सांगते,
जे परिषदेत सांगताना आवाज कापत नाही:
की आधी झाडलोट. फुटक्या चरबीचा चुरा
पेशी गिळतात, कुर्ल्या किनारा साफ करतात तशा,
आणि चुरा उरला तर नवं काही नीट बसत नाही.
की दुरुस्त करणाऱ्या पेशी येतात,
जखमेच्या उंबऱ्यापर्यंत येतात,
आणि वय वाढलं की पुष्कळदा
तिथेच उभ्या राहतात,
आत या म्हणायला कुणी नसल्यागत.
का, ते शोधण्यात माझी सहा वर्षं गेली.
(दादा गणपतीत बेचाळीसचा झाला. हे मी बोलत नाही.)
की थर परत आला तरी
पहिल्याहून पातळ असतो.

पातळ या शब्दावर तो थांबतो.
सुकत घातलेल्या बांगड्यांवरचा कावळा हाकलायला
काठी फेकतो. काठी भलतीकडे.

मी घाईने होडी पुढे करते:
हिला नाही का तू दर वर्षी तेल चोपडत,
तसंच ते...
"तसा नाय गो," तो म्हणतो.
"होडयेक आधी वर काडूक लागता.
दर्यात असताना कोण तेल लावता?"

आणि तिथे माझी उपमा फुटते.
बरं झालं फुटली,
कारण मज्जातंतूला कुणी वर ओढत नाही.
चालू असतानाच त्याची डागडुजी होते,
आणि ज्या तंतूतून निरोप धावत असतो
त्यालाच पेशी जास्त बिलगतात, असं
आमच्या माशांत तरी दिसलं.
माशांत, दादा. माणसांत अजून...

त्याने ऐकलं की नाही, कळत नाही.
सुई घेतो, साचा घेतो,
जाळ्याचं फाटलेलं भोक गुडघ्यावर पसरतो.
पहिली गाठ सैल.
दुसरी सैल.
माझा हात पुढे जातो,
मी तो मांडीखाली दाबून धरते.

भरतीचं पाणी शेजारच्या होडीच्या नाळीला लागेपर्यंत
त्याने सात गाठी मारल्या,
चार स्वतःच कापल्या.
"उरलेल्यो तीन," तो म्हणाला,
"तुझ्या माश्याक दाखव."