उष्टा डाव

आधी हे खाटकाचं दुकान होतं.
छताचे आकडे तसेच आहेत,
त्यांना मी कंट्रोलर टांगतो.
टे नदीवरून धुकं डंडीत शिरलं
की आकडे घामेजतात, गिऱ्हाईक फिरकत नाही,
मग मी डिस्का पुसत बसतो,
मधून कडेकडे, सरळ. गोल फिरवायचं नाही.

वापरलेल्या खेळाला घराचा वास असतो.
कुणाकडे सिगारेट, कुणाकडे ओलं कुत्रं.
एका डबीत दुधाचा दात निघाला, चिठ्ठीत गुंडाळलेला.
गल्ल्यात ठेवलाय.
मागायला आलंच कुणी, तर.

आता नव्या डब्यांत एक कार्ड येतं.
चंदेरी पट्टी नाण्याने खरवडायची,
पंचवीस अक्षरं टाकायची,
की आतलं एक दार उघडतं. एकदाच.
दुसऱ्या हाताला पडदा नम्रपणे सांगतो:
वापरून झालेलं आहे. दहा पौंड भरा.
अख्खी डिस्क मी चारला विकतो.

कंपनीचा माणूस येऊन गेला.
भला वाटला, बूट पुसून आत आला.
म्हणाला, एकच भाकरी तुम्ही सहा जणांना विकता
आणि चूल आमची जळते.
मी म्हटलं, शिळी झाल्यावर विकतो.
तो म्हणाला, तीच तर गोम आहे, गेडिस,
ही शिळी होत नाही.
त्या रात्री कूस बदलत राहिलो.
उत्तर सुचलं नाही. अजूनही नाही.

मंगळवारी इश्बेल मोवॅट आली.
पिशवीत एकच डबी. तीन पौंड, मी म्हटलं.
तिने डबी उघडून पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर
नखाने एक नाव दाखवलं. मुंगीएवढं.
अकरा महिने, ती म्हणाली,
तिसऱ्या पातळीवरच्या भिंतींचं शेवाळ मी काढलं.
स्टुडिओ बंद झाला तेव्हा खुर्ची घेऊन जा म्हणाले.
किती वेळा विकलास हा खेळ?
मी वही काढली. वही खोटं बोलत नाही.
नऊ वेळा. त्यातली एक डिस्क तीनदा.
त्यातलं मला काय मिळालं?
काही नाही, मी म्हटलं.
ती हसली. पहिल्या विक्रीतलंही नाही.

तेवढ्यात धापा टाकत फिनले डथी,
वय दहा, नाकाला शेंबूड, हातात तीच डबी.
तुझा खेळ खोटा आहे! दार उघडत नाही!
मी गल्ला उघडला, चार पौंड काढले.
इश्बेल म्हणाली, थांब.
कुठलं दार? लाकडाचं, खाली खरचटलेलं?
हो.
ते ओरखडे माझ्या मांजराचे आहेत.

मग काउंटरच्या धुळीत बोटाने
तिने त्याला दारापलीकडचं अंगण काढून दिलं:
इथे विहीर, इथे पाय घसरतो,
इथे कुणीच बघत नाही अशा कोपऱ्यात
एक निळा शिंपला, उगाच ठेवलेला.
फिनले टाचा उंचावून बघत होता.
शत्रू किती? त्याने विचारलं.
चौदा.
मग सांगून काय उपयोग, तो म्हणाला. मारायला पाहिजेत.

त्याने पैसे घेतले नाहीत. डबीही सोडली नाही.
इश्बेलने तीन पौंड मात्र घेतले,
नीट मोजून, बसभाड्यापुरते सुटे वेगळे करून.

डाव कुणाचा? ज्याने मांडला त्याचा,
की ज्याच्यावर राज्य आलं त्याचा?
लहानपणी हे भांडण आम्ही ढकलाढकलीने मिटवायचो.

दुकान बंद करताना तिच्या डबीवर किंमत चिकटवली,
आणि खाली पेनाने लिहिलं:
आत एक अंगण आहे. याने उघडणार नाही.
काउंटर मात्र पुसायचा राहिला.
बुधवारी धुकं नव्हतं,
विहीर अजून दिसत होती,
शिंपल्यावर कुणीतरी चहाचा पेला ठेवला होता.
मीच असेन.