केर्मेस

हा शब्द मूळचा डच.
चर्चच्या वाढदिवसाचा,
ओल्या लोकरीचा, बिअरच्या फेसाचा.
कुणाच्या ओठाला चिकटून समुद्र ओलांडला, कोण जाणे.

इथे, मेक्सिकोत, शाळेच्या पटांगणात
त्यात आता तिखट चिंच मुरलीय.
पाच पेसोत लग्न, दहात तुरुंग.
एउलालिया पुठ्ठ्याच्या अंगठ्या कापते;
तिचा भाऊ दोरीची कोठडी राखतो.

बत्तीस वर्षांपूर्वीचा खोटा दाखला
सेनोबियोच्या पाकिटात अजून आहे.
नवरी सीमेपार गेली,
तिकडे कुणाची खरी झाली.

यंदा त्यानं स्वतःच दहा पेसो मोजले,
आत जाऊन बसला.
"दंड भरून कोण सोडवतंय, बघू."

तामालेंची पातेली रिकामी झाली. दिवे उतरवले.
पोरानं दोरीही गुंडाळून नेली.
तो तिथेच,
चौकोनाच्या आत.