आधी तपासते

पर्वती पायथ्याला, दुसऱ्या मजल्यावर,
गॅलरी बंद करून काढलेल्या जागेत माझा धंदा:
टायपिंग, मांडणी, लग्नपत्रिका,
सोसायटीचे अहवाल, क्वचित एखादा प्रबंध.
लोक चपला बाहेर काढतात
आणि पेन ड्राइव्ह थेट हातावर ठेवतात, प्रसादासारखा.
किल्ल्यांच्या जुडग्यातून आलेला,
भाच्याच्या लॅपटॉपमधून, झेरॉक्सच्या दुकानातून,
एकदा तर होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीतून.

गेल्या मार्गशीर्षात असाच एक आला
आणि माझे सगळे फोल्डर शॉर्टकट झाले.
पुण्यात शॉर्टकट कुणाला नको असतो?
पण हे म्हणजे बोळात शिरावं
आणि पलीकडे रस्ताच नसावा.
अकरा वर्षांचे चि. आणि चि. सौ. कां.,
प्रत्येक नावाच्या पायाशी एक वाकडा बाण.

तपकीर गल्लीत गेले.
काउंटरमागच्या इंगवलेने खोकी पसरली, साड्या पसराव्यात तशी.
हा एका वर्षाचा. हा तीन मशीनना चालतो.
हा जड आहे, पण काही सोडत नाही.
हा फुकट; आता फुकटचं काय असतं, तुम्ही जाणताच.
विचारलं, तू घरी कोणता वापरतोस?
तो जरा थांबला.
"काकू, विंडोजबरोबर येतो तोच.
अपडेट टाळत नाही.
आणि अनोळखी लिंक दिसली
की हात मांडीखाली घेऊन बसतो."
स्वतःचं गिऱ्हाईक घालवत होता तो,
म्हणून त्याच्याकडूनच घेतला. एका वर्षाचा.
बिल मागून घेतलं.

दर गुरुवारी दातीर सर येतात,
भूगर्भशास्त्राचे, निवृत्त. आठवणी लिहितायत.
दर गुरुवारी त्यांच्या पेन ड्राइव्हवर तोच व्हायरस.
मी गुपचूप काढायचे,
शेजारच्या पोराच्या उवा काढाव्यात
आणि त्याच्या आईला कळू देऊ नये, तसं.

मग एका गुरुवारी पडद्यावर लाल चौकट:
प्रकरण नऊ. धोका. विलगीकरणात ठेवले.
तो शब्द वाचला की मला अजून
सॅनिटायझरचा वास येतो.
सर चष्मा सावरत म्हणाले,
"नऊ? त्यात तर नुसत्या विहिरी आहेत, पुरंदरच्या."
तेव्हा सांगावंच लागलं.
"तीन महिने? आणि तुम्ही बोलला नाहीत?"
व्हायरसपेक्षा त्यांना तेच जास्त लागलं.

रविवारी सहकारनगरला त्यांच्या घरी गेले.
कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात एक खिडकी उगवायची,
मुदत संपली, नूतनीकरण करा,
आणि सर रोज नम्रपणे "आत्ता नको" दाबायचे.
पाच वर्षं.
खातं वसुधाताईंच्या नावावर.
"नाव बदलावं लागेल म्हणाले," सर म्हणाले,
"म्हणून राहिलं."

तपासणी चार तास चालली.
तीनशे सतरा सापडले. आम्ही दाणे खाल्ले.
पासवर्डला ते लग्नाची तारीख टाकायला निघाले.
तारीख नको सर, दगडांची नावं घ्या,
चार घ्या, एकमेकांच्या शेजारी न सापडणारे.
ते हसले. टाइप करू लागले,
मी खिडकीकडे तोंड केलं.

निघताना एक हार्ड डिस्क भरून दिली,
आणि सांगितलं, हिची वायर काढून ठेवायची,
महिन्यातून एकदाच लावायची.
घरात कशालाही न जोडलेलं
असं एक काहीतरी असू द्यावं.
त्यांनी ती कपाटात ठेवली, शालींच्या घडीत.

प्रकरण नऊ परत आणलं.
विहिरी सगळ्या जागच्या जागी होत्या.
एकीची खोली दोनदा वेगवेगळी पडली होती,
पण ती चूक सरांची.